घोडा, ससाणा आणि गळ: मिडलबर्गच्या संशोधन फेलोशिपबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडे घोडा इतिहासात दिसतो तो बहुतेक राजाच्या मांडीखाली. त्याला खरारा कोण करत होतं, चंदी-वैरण कुठून येत होती, नाल कोण ठोकत होतं, हे प्रश्न पुस्तकाच्या तळटिपेतही क्वचितच भेटतात. जगात काही मोजक्या संस्था याच प्रश्नांसाठी अभ्यासकाला बोलावून घेतात, राहायला जागा देतात आणि पुस्तकांची कपाटं उघडून देतात. त्यातल्या एका संस्थेच्या फेलोशिपबद्दल मराठी विद्यार्थी, पत्रकार आणि हौशी इतिहास-अभ्यासक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

ही फेलोशिप कुठली आणि कोण देतं?

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात मिडलबर्ग नावाचं छोटं गाव आहे. तिथे ‘नॅशनल स्पोर्टिंग लायब्ररी अँड म्युझियम’ ही संस्था आहे. जॉर्ज ऑर्स्ट्रॉम आणि अलेक्झांडर मॅके-स्मिथ यांनी १९५४ मध्ये ग्रंथालय सुरू केलं, आणि २०११ मध्ये त्याला कलासंग्रहालयाची जोड मिळाली. घोडेस्वारी, शिकार, बहिरी ससाण्याची शिकार, गळाने मासे धरणं, घोड्यांच्या शर्यती, पोलो या सगळ्याचा इतिहास, साहित्य आणि चित्रकला हा संस्थेचा विषय. इथली ‘जॉन एच. डॅनियल्स फेलोशिप’ २००७ पासून दिली जाते. डॅनियल्स हे जाणकार ग्रंथसंग्राहक होते आणि त्यांनी आपला मोठा संग्रह या ग्रंथालयाला दिला. फेलोशिपला त्यांचं नाव आहे ते त्यामुळेच.

‘फील्ड स्पोर्ट्स’ म्हणजे मैदानी खेळच ना? माझा विषय कबड्डी आहे.

नाही. ही गफलत इतक्या जणांची होते की हा प्रश्न मुद्दाम वर घेतला आहे. आपण ‘मैदानी खेळ’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर खो-खो, कबड्डी, क्रिकेट येतं. इंग्रजीतल्या ‘फील्ड’चा इथला अर्थ रान, माळ, नदीकाठ. म्हणजे कुत्र्यांच्या मदतीने कोल्ह्याचा पाठलाग, बंदुकीने पाखरं टिपणं, ससाण्याकडून शिकार करवणं, गळ टाकून मासा धरणं. कबड्डीचा अभ्यास मोलाचा आहे, पण त्यासाठी दुसरं दार ठोठावावं लागेल.

शिकार मला मान्य नाही. मग इथे अर्ज करणं योग्य आहे का?

जरूर करा. शिकारीचा इतिहास लिहिणं म्हणजे शिकारीची तरफदारी करणं नव्हे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा बसला. पण त्याआधीच्या कित्येक शतकांत शिकार हे राज्यकारभाराचं, दरबारी रीतीचं, पोटापाण्याचं आणि निसर्गज्ञानाचंही अंग होतं. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग होते, आणि सुरुवातीच्या सभासदांत शिकारीही बरेच होते. पुढे पाखरांसाठी आयुष्य वेचणाऱ्या सालीम अलींची या संस्थेशी ओळख झाली, तीही लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या एका चिमणीमुळे.

शिकारीच्या इतिहासाची दुसरी बाजू तर अजून लिहायचीच आहे. राजेसाहेबांच्या नावावर जी शिकार लागली, तिच्यात जनावराचा माग काढणारा, फासे लावणारा, हाका घालणारा माणूस कोण होता? पारध्यांमध्ये चित्ते पकडून त्यांना शिकवणारी एक शाखाच होती. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे अनेक पारधी गट त्याच्या कचाट्यात सापडले. एकीकडे दरबाराला ज्यांचं कसब हवं होतं, दुसरीकडे त्यांच्याच कपाळी गुन्हेगाराचा शिक्का बसला. हा इतिहास त्यांच्या बाजूने लिहिणारं कुणीतरी मिडलबर्गच्या ग्रंथालयात टेबलापाशी जाऊन बसायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

संस्थेच्या आवारातच ब्राँझचा एक घोडा उभा आहे. तेसा पुलन या शिल्पकर्तीने तो घडवला आणि अमेरिकी कलासंग्राहक पॉल मेलन यांनी संस्थेला दिला. अमेरिकेच्या यादवी युद्धात मेलेल्या, जायबंदी झालेल्या सुमारे पंधरा लाख घोड्यांच्या आणि खेचरांच्या स्मरणार्थ तो आहे. मान खाली गेलेली, फासळ्या दिसत असलेल्या, पाठीवर खोगीर तसंच, एक मागचा पाय सैल सोडलेला. त्याच्यावर स्वार नाही. घोड्याच्या इतिहासासाठी उभ्या राहिलेल्या संस्थेने दारात असा दमलेला घोडा उभा करावा, यात त्या संस्थेची दृष्टी दिसते.

मला घोड्यावर बसता येत नाही. चालेल?

चालेल. पुस्तक वाचता आलं पाहिजे.

पीएच.डी. लागते का?

पीएच.डी. ही अट नाही. प्राध्यापक, पदव्युत्तर विद्यार्थी, संग्रहालयातले अभिरक्षक, ग्रंथपाल, लेखक, पत्रकार अशा सगळ्यांसाठी ही फेलोशिप आहे. विषयही इतिहासापुरता मर्यादित नाही. कलेतिहास, साहित्य, मानववंशशास्त्र, पर्यावरणाचा इतिहास अशा कोणत्याही बाजूने येता येतं. मात्र आजवर तुम्ही काहीतरी लिहिलेलं, छापलेलं किंवा नीट पूर्ण केलेलं दाखवता आलं पाहिजे. एखाद्या नियतकालिकातला एक भक्कम लेखही पुरतो. नुसती आवड पुरत नाही.

ग्रंथालयात आहे तरी काय?

हजारो पुस्तकं, आणि त्यातला दुर्मीळ ग्रंथांचा विभाग ही खरी दौलत. दोन-तीन वस्तूंबद्दल सांगतो.

नेपल्सच्या फेदेरिको ग्रिसोने याचा घोडेस्वारीवरचा ग्रंथ १५५० मध्ये छापला गेला. युरोपात घोडेस्वारी शिकवणाऱ्या छापील पुस्तकांची परंपरा तिथून सुरू होते. अडेल घोड्याला वठणीवर आणायचे त्यातले काही उपाय आज वाचवत नाहीत, इतके क्रूर आहेत. त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १६५८ मध्ये, न्यूकॅसलचा ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश याने अँटवर्पमधून आपला ग्रंथ काढला. इंग्लंडमध्ये राजाचा पक्ष हरला म्हणून हा गृहस्थ परागंदा झाला होता. रूबेन्स या चित्रकाराच्या घरात भाड्याने राहून त्याने तिथेच घोड्यांची शाळा चालवली. त्याच्या ग्रंथातली दोन-दोन पानांवर पसरलेली चित्रं पाहण्यासारखी आहेत. एका चित्रात ड्यूक पंखवाल्या घोड्यावर बसून आकाशात आहे आणि खाली घोड्यांचं रिंगण गुडघे टेकून त्याला नमस्कार करतंय. राज्य गेलं, मानमरातब गेला, आणि मुजरा करायला उरले ते घोडे! दुसऱ्या काही चित्रांत बार्ब, तुर्की, स्पॅनिश असे जातिवंत घोडे धरून मोतद्दार उभे आहेत. घोड्याचं नाव खाली छापलेलं आहे. घोडा धरणाऱ्याचं नाही.

हा ग्रंथ निघाला त्याच्या पुढच्याच वर्षी इकडे प्रतापगड झाला. घोड्याच्या बळावर उभी राहणारी दोन जगं एकाच काळात होती आणि त्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवून वाचले तर काय दिसेल, याची मला फार उत्सुकता आहे.

याशिवाय थिओडोर रूझवेल्ट यांच्या हातचं, लाँग आयलंडवरच्या कोल्ह्याच्या शिकारीबद्दलचं हस्तलिखित तिथे आहे. हॅरी वूस्टर स्मिथ यांची कागदपत्रंही आहेत. १९०५ मध्ये व्हर्जिनियात अमेरिकी शिकारी कुत्रे विरुद्ध इंग्लिश कुत्रे असा मोठा सामना झाला, त्यातले एक प्रतिस्पर्धी हे स्मिथ. त्या सामन्यामुळे मिडलबर्गच्या आसपासचा मुलूख शिकारी मंडळींत प्रसिद्ध झाला. घोड्यांवरचं एक प्रसिद्ध साप्ताहिकही १९३७ मध्ये याच गावात सुरू झालं.

भारताबद्दल तिथे काही सापडेल का? की सगळं इंग्लंड-अमेरिकाच?

भर इंग्लंड-अमेरिकेवर आहे, हे मान्य करूनच पुढे जावं. पण ब्रिटिश काळातल्या शिकारकथा, पोलोची पुस्तकं, घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारण्याची वर्णनं, गळाने महाशीर धरण्याच्या हकिकती या सगळ्यांतून हिंदुस्थान डोकावतो. पोलो तर मणिपूरच्या ‘सगोल कांगजै’मधून चहामळेवाल्या इंग्रजांनी उचलला. १८५९ मध्ये सिलचरला त्यांचा क्लब निघाला आणि दहा वर्षांनी तो खेळ इंग्लंडात पोचला. अहमदनगर-पुण्याच्या माळांवर १९व्या शतकात इंग्रज अधिकारी रानडुकरांमागे घोडे घालत होते.

चित्रकलेतलं एक उदाहरण मला विशेष महत्त्वाचं वाटतं. मद्रासचा गव्हर्नर जॉर्ज पिगट याने राजा तिसऱ्या जॉर्जला एक चित्ता नजर केला. १७६४ मध्ये विंडसरच्या रानात त्या चित्त्याला सांबरासारख्या एका मोठ्या नर हरणावर सोडण्यात आलं, आणि हरणाने शिंगं रोखून चित्त्यालाच पिटाळून लावलं. जॉर्ज स्टब्ज याने या प्रसंगावर काढलेलं चित्र आज मँचेस्टरच्या कलादालनात आहे. चित्रात पांढऱ्या कपड्यांतली दोन हिंदी माणसं आहेत. एकजण चित्त्याला आवरून धरतोय, दुसरा हरणाकडे हात करून त्याला सावज दाखवतोय. चित्त्याच्या डोळ्यांवरची लाल टोपी नुकतीच मागे सारलेली आहे.

ती लाल टोपी बघताना मला कोल्हापूर आठवतं. तिथे चित्त्याच्या डोळ्यांवर अशीच टोपी चढवून त्याला बैलगाडीतून माळावर नेत. काळविटाचा कळप दिसला की टोपी काढायची आणि साखळी सोडायची. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर आणि भावनगरसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणवले. स्टब्जच्या चित्रातला टोपी काढणारा हात काय करतोय, हे कोल्हापूरची रीत माहीत असलेल्या माणसाला चटकन समजतं. इंग्रजी चित्रकलेचा निष्णात अभ्यासक त्या जागी अडखळू शकतो.

आपल्याकडचा कोणता विषय घेऊन जाता येईल?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून उत्तरही सगळ्यात लांब.

पहिला विषय ‘मानसोल्लास’. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास हा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीचे अभ्यासक त्याला ओळखतात ते एका ओळीमुळे: महाराष्ट्रात स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. पण याच ग्रंथाच्या ‘विनोदविंशती’त, म्हणजे वीस करमणुकींच्या भागात, हत्तींचे खेळ, घोड्यांचे खेळ, मल्ल, कोंबडे, एडके, कुत्रे, ससाणे, मासे आणि मृगया यांची प्रकरणं ओळीने येतात. मासे धरण्याच्या प्रकरणात माशांच्या जाती, त्यांना काय आमिष चालतं, गळाची दोरी कशी असावी, इथपर्यंत तपशील आहे. गळाच्या मासेमारीवरची पहिली छापील इंग्रजी पुस्तिका १४९६ ची. म्हणजे सोमेश्वर साडेतीनशे वर्षांहून अधिक आधीचा. मिडलबर्गमध्ये मासेमारीच्या जुन्या पुस्तकांचा संग्रह चांगला आहे. तिथल्या टेबलावर मासे धरण्याचं हे प्रकरण, ‘मत्स्यविनोद’, आणि ती इंग्रजी परंपरा समोरासमोर मांडणं, हा एका फेलोशिपला पुरून उरेल असा विषय आहे. त्यात महाडजवळच्या वाळण कोंडीत देवाचे म्हणून राखलेल्या माशांची जोड दिली, तर मासा धरणं आणि मासा राखणं अशा दोन्ही बाजू येतात.

दुसरा विषय चांदबिबीचा. अहमदनगरचा किल्ला लढवणारी चांदबिबी आपल्याला पाठ्यपुस्तकात तलवारीसह भेटते. पण दख्खनी चित्रकारांनी तिला पुन्हा पुन्हा रंगवलं ते घोड्यावर बसून ससाणा उडवताना. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १७०० च्या सुमाराचं असं एक चित्र आहे, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी काढलेलं. लढवय्यी राणी शंभर वर्षांनी शिकारी राणी का झाली? युरोपातल्या घोड्यावरच्या राण्यांच्या चित्रांशी त्याची तुलना अजून कुणी नीट करायची आहे.

तिसरा विषय भीमथडीचं तट्टू. भीमेच्या काठचा हा काटक घोडा मराठी फौजेचा कणा होता. अलीकडे देशी जात म्हणून त्याची अधिकृत नोंदही झाली आहे. युरोपातल्या ग्रंथांत उत्तम घोडा म्हणजे उंच, भरदार, वळवलेल्या मानेचा. त्या मापाने आमचं तट्टू ठेंगणं आणि कुरूप. पण मैलोगणती दौड मारून मिळेल त्या चाऱ्यावर तगणं, हे मोजायचं माप त्या ग्रंथांत कुठे आहे? घोड्याचं सौंदर्य कोण ठरवतं, हा प्रश्न तिथल्या पुस्तकांना विचारायला इथूनच कुणाला तरी जावं लागेल.

पेशव्यांचा शिकारखाना, शालिहोत्राच्या म्हणजे अश्ववैद्यकाच्या पोथ्या, घोड्यांवरचे फारसी-उर्दूतले ‘फरसनामे’, रुद्रदेवाचं ससाण्यांवरचं ‘श्यैनिकशास्त्र’ हेही विषय आहेत. त्यांच्याबद्दल वेगळं लिहायला हवं.

संशोधन आराखडा कसा लिहायचा?

इथेच घोडं पेंड खातं. माझा स्वतःचा पहिला अर्ज, एका दुसऱ्या संस्थेकडे केलेला, परत आला. विषय लिहिला होता ‘मराठ्यांचे घोडदळ’. चार पानांत शिवकालापासून पानिपतापर्यंत सगळं कोंबलं होतं. त्यांच्या ग्रंथालयातलं एकही पुस्तक मला नेमकं का हवं आहे, हे त्यात कुठेच नव्हतं. उत्तर दोन ओळींचं आलं, आणि ते वाचून वाईट वाटलं. पुढे दुसऱ्यांचे अर्ज वाचून देऊ लागलो तेव्हा कळलं की ते उत्तर बरोबर होतं.

तेव्हापासून मी तीन गोष्टी सांगतो. प्रश्न एकच ठेवा आणि तो एका वाक्यात मांडा. संस्थेचा ऑनलाइन कॅटलॉग आठवडाभर चाळून, तिथे जाऊनच पाहावे लागतील असे आठ-दहा ग्रंथ किंवा चित्रं नावानिशी लिहा. आणि त्या वस्तूंमधून काय शोधणार, ते सांगा. ‘मानसोल्लासाची जगातल्या मासेमारीच्या साहित्याशी तुलना’ हे ढोबळ झालं. ‘आमिषाचं वर्गीकरण मानसोल्लासात माशाच्या जातीवरून आहे, १५व्या ते १७व्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकांत ते कशावरून आहे, हे या सहा आवृत्त्यांत पाहायचं आहे’ हे नेमकं झालं. खोगीरभरती करू नका. थोर संस्कृती, गौरवशाली परंपरा असली वाक्यं काढून टाकली की अर्ज अर्ध्यावर येतो आणि दुपटीने चांगला होतो.

शिफारसपत्रं कुणाकडून घ्यावीत?

ज्यांनी तुमचं लिखाण खरंच वाचलं आहे त्यांच्याकडून. कुलगुरूंचं कोरडं पत्र आणि मार्गदर्शकाचं तपशीलवार पत्र यात दुसरं कधीही उजवं. पत्र देणाऱ्या सरांना किंवा बाईंना आराखड्याची प्रत महिनाभर आधी द्या. मुदतीच्या आदल्या रात्री फोन करून त्यांना संकोचात टाकू नका.

माझी साधनं मोडीत आहेत. निवड समितीला ती कळणार कशी?

कळणार नाहीत, म्हणून तुम्ही कळवायची. पुण्याच्या पेशवे दफ्तरात आणि भारत इतिहास संशोधक मंडळात पागेचे हिशेब, घोड्यांच्या खरेदीच्या नोंदी, चंदीचा खर्च असे मोडी कागद बघायला मिळतात. त्यातला एकच कागद निवडा, लिप्यंतर करा, खाली इंग्रजी भाषांतर द्या आणि तो आराखड्याला जोडा. घोड्याचा रंग, किंमत, विकणाऱ्याचं नाव असलेल्या चार ओळीही समोरच्याला सांगून जातात की हा माणूस असं काही वाचू शकतो जे आमच्यापैकी कुणालाच येत नाही. मोडी येणं ही तुमची कमकुवत बाजू समजू नका.

पैसे किती मिळतात? राहायचं कुठे?

दरमहा विद्यावेतन आणि मिडलबर्गमध्ये राहण्याची सोय, असं साधारण स्वरूप आहे. मुक्काम काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत असू शकतो. त्या वर्षीची रक्कम आणि मुदत संस्थेच्या सूचनेत वाचूनच हिशेब मांडा. विमानाचं तिकीट, आरोग्यविमा, व्हिसाची फी, गाडीभाडं हे चार खर्च वेगळे लिहून काढा. विद्यावेतनावर अमेरिकेत कर कापला जाऊ शकतो, तोही धरा. यातून कमाई होईल अशा समजुतीने जाऊ नका. घरचं कर्ज किंवा हप्ते असतील तर त्या महिन्यांची तजवीज आधी करून ठेवा.

व्हिसा कोणता?

हे निमंत्रण देणारी संस्था सांगते. अभ्यासकांना बहुधा जे-१ या प्रकारचा विनिमय व्हिसा लागतो. त्यासाठी डीएस-२०१९ हा फॉर्म तिकडून यावा लागतो आणि आरोग्यविमा सक्तीचा असतो. जे-१ वर गेलेल्या काही जणांना परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट लागू होते. पुढे अमेरिकेतच शिकायचा बेत असेल तर ही अट आपल्याला लागू आहे का, हे सही करण्याआधी विचारून घ्या. मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो. निवड कळल्याबरोबर त्या कामाला लागा.

मिडलबर्गमध्ये राहणं कसं असतं?

गाव १७८७ मध्ये वसलेलं, वस्ती हजाराच्या आत. वॉशिंग्टन शहराच्या पश्चिमेला सुमारे ४५ मैलांवर. डलेस विमानतळ त्याहून जवळ. दगडी कुंपणं, कुरणं, घोड्यांचे तबेले, एक मुख्य रस्ता. रेल्वे नाही, आणि आपल्या एसटीसारखी फाट्यावर हात दाखवून थांबणारी बस मिळेल ही आशा सोडा. गाडी चालवता येत असेल तर इथूनच आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या. डाळ-तांदूळ, मसाल्यांसाठी वॉशिंग्टनकडच्या उपनगरांत भारतीय दुकानं आहेत. तिकडे मराठी मंडळींचा राबताही मोठा आहे. आठवड्याचा बाजार एकदाच भरावा.

दुर्मीळ पुस्तक हातात देतात का?

देतात, वाचनकक्षाचे नियम पाळून. अशा ठिकाणी सहसा शाई चालत नाही, फक्त शिसपेन्सिल. जाडजूड पुस्तक सपाट उघडत नाहीत, फोमच्या उशांवर टेकवून अर्धवट उघडतात. फोटो काढू देतात, पण फ्लॅशशिवाय. पांढरे हातमोजे घालावे लागतील असं अनेकांना वाटतं. कागदासाठी स्वच्छ धुतलेले कोरडे हातच बरे समजले जातात, कारण मोज्यात पानाची जाडी बोटाला कळत नाही आणि कोपरा फाटतो. जेवण झाल्यावर हात साबणाने धुवा. हळदीचा डाग सहज जात नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

बदल्यात आपल्याकडून काय अपेक्षा असते?

रोज येऊन काम करणं, मुक्कामात आपल्या संशोधनावर बोलणं किंवा लिहिणं, आणि पुढे काही छापलं तर संस्थेचा उल्लेख. व्याख्यानाची धास्ती बाळगू नका. ऐकायला येणाऱ्यांत आयुष्यभर घोडे पाळलेली माणसं असतात. आपला नालबंद घोड्याचा पाय कसा धरतो, हे सांगितलं तर ती खुर्चीत पुढे सरकून ऐकतात.

नाहीच मिळाली तर?

दोन ठिकाणं लगेच पाहा. अमेरिकेत न्यू हेवनला ‘येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्ट’ आहे. पॉल मेलन यांच्या संग्रहावर उभी राहिलेली ही संस्था बाहेरच्या अभ्यासकांना अल्पकाळासाठी बोलावते. स्टब्जची घोड्यांची चित्रं तिथे आहेतच. पण मराठी माणसाने जावं ते गंगाराम तांबटांसाठी. पुण्याच्या या चित्रकाराने १७९० मध्ये पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा समोर बसून काढला, आणि ते चित्र आज तिथल्या संग्रहात आहे. पुण्याच्या हाताने, पुण्याच्या शिकारखान्यात काढलेला गेंडा पाहायला आज कनेटिकट गाठावं लागतं. दुसरं ठिकाण म्हणजे लंडनचं ‘पॉल मेलन सेंटर’, ब्रिटिश कलेच्या अभ्यासासाठी अनुदानं देणारं.

आणि नकार आला तर नम्रपणे विचारा की अर्जात काय कमी पडलं. सगळेच सांगत नाहीत. सांगितलं तर पुढच्या वर्षीचा अर्ज तिथूनच सुरू होतो.

तयारी कधीपासून करावी?

मुदतीच्या आधी निदान सहा महिने. नाहीतर वरातीमागून घोडं.

आत्ता, घरबसल्या, सुरुवात कुठून करू?

जुनी इंग्रजी शिकार-पुस्तकं आणि घोड्यांवरचे ग्रंथ इंटरनेट आर्काइव्हवर फुकट वाचता येतात. ‘मानसोल्लास’ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तीन खंडांत छापला आहे. मोडीचे वर्ग पुण्या-मुंबईत चालतात. एवढ्यावर वर्षभराचं काम निघतं.

पण भीमथडीवर काम करणार असाल तर आधी रस्त्यावर जा. दसरा-दिवाळीनंतर फलटण-बारामती भागातले धनगर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जातात, आणि त्यांच्या वाड्याबरोबर, म्हणजे फिरत्या तळाबरोबर, ही तट्टं असतात. अंगाने लहान, पाठीवर अख्खं घर. घोंगड्या, भांडीकुंडी, जाळी, वर पाय बांधलेल्या कोंबड्या, आणि पिशवीतून तोंड बाहेर काढून बघणारं कालपरवा जन्मलेलं कोकरू. सहसा बायाच घोडी लादतात आणि हाकतात. सावलीला थांबले असतील तेव्हा पाणी विचारून बसा. मग सामान बांधायच्या प्रत्येक दोरीला काय म्हणतात, कुठली गाठ कशाला, पाय मोडलेल्या तट्टाचं काय करतात, घोडीची पारख कशावरून, हे त्या मावशींना विचारा. त्या जे शब्द सांगतील ते त्यांच्याच उच्चारात वहीत उतरवा, शेजारी तारीख आणि गावाचं नाव लिहा, आणि परवानगी असेल तर सांगणारीचंही.